इरल्याखाली

१

एक शिखर जरासं उंच होतं. तेवढंच.

श्वेतानं खुर्ची पुढे ओढली, पडद्यावरचा आलेख मोठा करून पाहिला, पुन्हा लहान केला. शिखर तिथंच. शेजारच्या जोडीदारापेक्षा बोटभर वर, टाचा उंचावून कुणी डोकावावं तसं.

लॅबमध्ये या शिखरांना ‘पीक’ म्हणायची पद्धत. सापगावात तिच्या वडिलांच्या कानावर हे गेलं, तेव्हा ते आठवडाभर ज्याला त्याला सांगत सुटले होते की आमची पोरगी एम.एस्सी. होऊन शहापुरात पीक काढते, तेही बिनपावसाचं. एरवी हे आठवलं की तिला हसू यायचं. आज आलं नाही.

पोलिसांसाठी डीएनए तपासणारं त्यांचं केंद्र म्हणजे बाजारामागची बंद पडलेली भाताची गिरणी. भिंती रंगवल्या, फरशी घातली, मशीनं आणून बसवली, तरी पावसाळ्यात कोपऱ्यांतून कोंड्याचा वास यायचाच. काम करणाऱ्या दोघीच, संघरत्ना मॅडम आणि श्वेता. मागच्या बाजूला वाळवणीची खोली. पोलीस ओले कपडे, दोर, चपला आणून टाकत, ते तिथं वाळायला ठेवत. या आठवड्यात तिथं एक इरलं होतं.

मुरबाडच्या अंगाला, कुडाची वाडी म्हणून डोंगराला चिकटलेली वस्ती आहे, तिथलं. बांबूच्या कामट्यांचं, पळसाच्या पानांनी शाकारलेलं, डोक्यावरून पार पाठ झाकणारं. भाताच्या आवणीत वाकून काम करताना पाऊस अंगावर येऊ नये म्हणून घालतात ते. घरात इरलं एकच. कधी लखमा घालायचा, कधी त्याची बायको लहानी. आत डोकं टेकतं तिथं एक चिंधी बांधलेली, घामानं काळी पडलेली.

लखम्याची नऊ वर्षांची पोर, रुपा, पंधरा दिवसांपूर्वी गेली ती परत आली नाही. बाप सांगत होता, “शेळी वर गेलती, पोर तिच्या मागं गेली. पाऊस होता म्हनून मीच इरलं तिच्या डोक्यावर ठेवला.” इरलं वरच्या ओहोळाशी कारवीच्या झुडपांत सापडलं. पोर नाही. तिला वर जाताना कुणी पाहिलं नव्हतं. पण त्या सकाळी बापानं तिला मारलेलं मात्र शेजारणीनं ऐकलं होतं. लखमा आता कोठडीत होता.

पोलिसांना एवढंच हवं होतं: चिंधीवर पोर आहे की नाही. असेल तर ती डोंगरात गेली, शोध चालू ठेवायचा. नसेल तर बाप खोटं बोलतो, इरलं त्यानंच वर नेऊन टाकलं. मग शोध बंद, आणि घरामागची जमीन उकरायची.

श्वेतानं आलेखावरची पुढची जागा पाहिली. तिथंही एक शिखर जरासं उंच होतं.

२

“मॅडम, जरा बघता?”

संघरत्ना मॅडमही सापगावच्याच. वस्तीतल्या बुद्धविहाराच्या ओट्यावर दिव्याखाली अभ्यास करून त्या इथवर आल्या, हे श्वेताला तिच्या आईनं इतक्यांदा ऐकवलं होतं की लहानपणी तिला तो ओटाच शाळेपेक्षा मोठा वाटायचा. आता रोज शेजारी बसूनही ते कौतुक ओसरलं नव्हतं. फाइल पडली तरी श्वेता दचकायची. एकदा फिरत्या यंत्राचं झाकण बंदुकीसारखा आवाज करून उडालं, तेव्हा ती किंचाळून टेबलाखाली गेली होती. आणि मॅडम नळीतला थेंब मोजत होत्या त्या मोजतच राहिल्या. मोजून झाल्यावर म्हणाल्या, “ये बाहेर. ते आता पुन्हा उडायचं नाही.”

त्यांचा एक नियम होता. कुठलाही मिसळलेला नमुना आला की पहिला प्रश्न तोच.

“किती जण?”

“दोन,” श्वेता म्हणाली. “प्रत्येक जागी फार तर चार खुणा. दोन लखम्याच्या, दोन लहानीच्या. रक्ताशी ताडून पाहिल्या, सगळ्या जुळतात. शिल्लक काहीच राहत नाही.”

“म्हणजे तिसरं कुणी नाही?”

मॅडमच्या आवाजावरून तिला कळलं की इथं पाय घसरणार आहे. तरी ती बोलून गेली, “नाही.”

“परकं माणूस असतं तर असं म्हणता आलं असतं. त्यानं स्वतःचं काहीतरी आणलं असतं. पण लेकराजवळ वेगळं काय असतं गं? प्रत्येक जागी एक खूण आईची, एक बापाची. आई-बाप दोघं आधीच चिंधीवर असतील, तर पोर त्यांच्या मागं पुरती झाकली जाते. असून दिसत नाही.”

“मग ती कधीच दिसणार नाही?”

“चेहरा नाही दिसायचा. भार दिसेल कदाचित.” मॅडमनी चष्मा चढवला. “कुठं कुठं उंच आहे म्हणालीस?”

दोघींनी एकेक जागा पाहिली. प्रत्येक जागी आईच्या दोन खुणांतली एक जरा वर, बापाच्या दोनांतली एक जरा वर. दोघांचा एकेक हात कुणीतरी धरावा आणि मधोमध उभं राहावं, तसं.

श्वेताच्या मानेवर काटा आला. त्याच वेळी तिला वाटलं, किती सुंदर आहे हे. कुणी सांगितलं नसतं तर आपण ‘दोन’ लिहून मोकळे झालो असतो.

“हुरळू नकोस,” मॅडम म्हणाल्या. “घामाचा नमुना आहे, माल थोडा. थोड्या मालात शिखरं मनाला येईल तशी वर-खाली होतात. पुन्हा चालवू. आणि हे लक्षात ठेव, रुपा असं यात कुठं लिहिलेलं नाही. असलंच तर या दोघांचं लेकरू, एवढंच.”

तेवढ्यात दारात बूट आपटल्याचा आवाज आला आणि श्वेताच्या हातातलं पेन उडालं. फौजदार सतीश आत आले, रेनकोटमधून पाणी गाळत.

“घाबरता काय ताई, माझा चेहरा जन्मापासून असाच आहे. मॅडम, दोनच ना? दोन लिहा, सही करा, मी सुटतो आणि तुम्हीही सुटता.”

“अजून झालं नाही.”

“वरून रोज फोन येतोय मला. तीसेक माणसं डोंगरात चिखल तुडवतायत, एक जण कायमचा लंगडा झाला. बाप खोटारडा आहे हो, तोंडावरच दिसतं.”

“तोंडावरचं तुम्ही बघा,” मॅडम शांतपणे म्हणाल्या. “चिंधीवरचं मी बघते. परवा या.”

३

दुसऱ्या दिवशी मॅडम मुरबाडला साक्षीसाठी गेल्या. जाण्याआधी स्वतःच्या हातांनी नमुना पुन्हा मशीनला लावून गेल्या. दुपारी आलेख आला.

शिखरं पुन्हा उंच होती. तीच. आणि कालच्यापेक्षा जास्त.

श्वेतानं स्वतःची समजूत घातली. नळी तीच, चिंधीचा तुकडा तोच. बंद नळीत काही वाढत नसतं. थोड्या मालाचा लहरीपणा. पण लहर असती तर एखादं तरी शिखर खाली यायला हवं होतं. एकही आलं नव्हतं.

दोन वाजता वीज गेली. भारनियमनाची वेळ ठरलेली, त्यात नवल काहीच नव्हतं. मशीनं इन्व्हर्टरवर गुणगुणत राहिली, पंखे थांबले, आणि पंख्यांच्या आवाजाखाली दडलेले सगळे आवाज मोकळे झाले. पत्र्यावरची भुरभुर. बाजारात कुणीतरी ताडपत्री झटकत होतं. आणि मागच्या खोलीत टप्... टप्.

इरलं चार दिवसांपूर्वीच वाळलं होतं. तिनं स्वतः हात लावून पाहिलं होतं, पानं कुडकुडीत होती. छत गळत असेल, ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, म्हणजे खोलीत कुणीतरी बोलल्यासारखं होईल.

वाळवणीच्या खोलीचं दार तिनं पायानंच ढकललं. उंच झरोक्यातून राखाडी उजेड येत होता. छत कोरडं होतं. इरलं जमिनीवर पसरलेल्या खाकी कागदावर होतं, आणि त्याच्या कडेखाली कागद ओला होऊन काळा पडत चालला होता. टप्. ओल्या पानांचा, चुलीच्या धुराचा वास.

तिनं ते आडवं ठेवलं होतं. कुशीवर, आतली बाजू मोकळी, हवा लागावी म्हणून. हे तिला पक्कं आठवत होतं. की वाटत होतं? कारण आता इरलं पालथं होतं, जमिनीवर टेकलेलं, आत कुणी गुडघे पोटाशी घेऊन बसलं की टेकतं तसं. पडलं असेल. वाऱ्यानं. झरोका बंद आहे, तरी दारातून वारा येतोच की.

मग तिला ऐकू आलं. आवाज नव्हे, आवाज थांबवणं. लपाछपीत शोधणारा जवळ आला की लपलेलं पोर श्वास धरतं, तसं.

“रुपा?”

आपल्या तोंडून नाव कसं निघालं, तिला कळलं नाही. टपटप थांबली.

“रुपा...?”

इरल्याची पानं हलली. कडेखाली, कागदाच्या काळ्या भागावर, दोन लहान टाचा होत्या, चिखलाच्या, पाण्यानं पांढऱ्या पडून सुरकुतलेल्या. आणि त्यांच्या शेजारी, त्यांना चिकटून, आणखी काहीतरी, याहून कितीतरी लहान.

वीज आली. पंखे फिरले, झरोक्याखालचा दिवा फडफडून लागला. कागद ओला होता. इरलं पालथं होतं. खाली काहीच नव्हतं.

तिसऱ्यांदा हाक मारायला तिचं तोंड उघडलेलं होतं. तिनं ते हातानं दाबून बंद केलं.

४

बाहेर पायरीवर लहानी बसली होती. ती रोज यायची, वाडीपासून अर्धी वाट चालत, अर्धी मिळेल त्या जीपनं. आत यायची नाही. पायरीवर बसायची आणि दार उघडलं की एकच विचारायची.

“हाय का गो माजी पोर त्यात?”

“आत या ना मावशी, भिजताय.”

“नको बाय. तुमची लादी घान हुईल.” तिनं श्वेताकडे निरखून पाहिलं. “तुला काय झाला? तोंड धुतल्या तांदलावानी दिसतंय.”

श्वेता तिच्या शेजारी बसली. साक्षीदाराशी बोलायचं नाही, असा नियम होता. आज तिनं तो पाळला नाही.

“मावशी, डोंगरात तिला हाका मारल्या ना सगळ्यांनी?”

“मारल्या त. आमच्या मानसांनी कू घातला, सगल्या डोंगरभर.”

“कू?”

“रानात आमी नाव घेत नाय कोनाचा. घेतला नाव की रानाला कलतं, मंग ती पन हाक मारतं. म्हनून कू घालायचा.” लहानी गुडघ्यावरचा चिखल नखानं खरवडत होती. “पोलिसांनी घेतला नाव. एक डाव वरडायचे आनि फुडं जायाचे. पोरांना आमी शिकवलेला हाय, कोनी नावानं हाकारला त पयल्याला वो द्यायचा नाय, दुसऱ्याला नाय. ते कोनाचे पन असतंत. तिसरी हाक मानसाचीच. तवा वो द्यायचा.”

“म्हणजे तिला नावानं तीनदा कुणीच...”

“कोन मारनार? आईनं रानात नाव घेतला त पोर रानाची हुते. मी कशी घेऊ?” तिचा आवाज फुटला नाही, नुसता सपाट झाला. “मी येडी हाय का गो? समदे म्हनतात, येडी हाय. पन नाय घेववत.”

श्वेता म्हणाली, “मी मारली. आता, आत. दोनदा.”

ती चिडेल, उठून जाईल, असं वाटलं होतं. लहानीनं तिचा हात हातात घेतला. तळवा खरबरीत होता आणि कढत.

“दोन झाल्या? मंग येकच ऱ्हायली.”

पाणी पन्हाळीतून गळत होतं. टाचांना चिकटलेलं ते दुसरं आठवून श्वेतानं विचारलं, “मावशी, रुपा एकटीच ना तुम्हाला?”

“हाय ती येकलीच. आदी येक पोरगा झालता. चार दिसांचा हुता, गेला. वर वहोलाकडंच ठेवला त्याला, कारवीत.” तिनं पदरानं नाक पुसलं. “नाव पन नवता ठेवला.”

५

श्वेतानं मॅडमना सगळं सांगितलं. टाचांचंही. हसतील, सुट्टी घे म्हणतील, अशी तयारी ठेवून सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत. दोन्ही आलेख त्यांनी खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले आणि उजेडात कितीतरी वेळ पाहत राहिल्या.

“वाढायचं काही कारण नाही,” त्या अखेर म्हणाल्या. “मला कारण माहीत नाही. म्हणून ते मी लिहिणार नाही. तू पाहिलंस तेही लिहिणार नाही. पण तू खोटं पाहिलंस असंही म्हणणार नाही. ज्यावर उभं राहता येतं, तेवढ्यावरच उभं राहायचं.”

सतीश आले तेव्हा त्या उभ्याच होत्या.

“किती जण, मॅडम?”

“कमीत कमी दोन.”

“कमीत कमी म्हणजे काय? भाजी घेतोय का आपण? दोन की तीन?”

“या दोघांचं लेकरू चिंधीवर असेल, तर ते दिसणारच नाही. म्हणून ‘नाही’ म्हणता येत नाही. उलट प्रत्येक जागी एक आईची, एक बापाची खूण जड आहे, दोन्ही वेळा त्याच. लेकरू असेल तर असंच दिसेल. रुपाच आहे, अशी शपथ मी घेणार नाही. पण या चिंधीवरून बाप खोटा आहे असं तुम्ही म्हणालात, तर कोर्टात येऊन मी स्वतः सांगेन की तसं म्हणता येत नाही.”

“वर काय सांगू मी?”

“सांगा, बाईला माहीत नाही. माहीत नाही ते माहीत नाही म्हणायला मला लाज वाटत नाही.”

सतीश काही वेळ टोपी फिरवत राहिले. वाईट माणूस नव्हता तो, थकलेला होता. “एक दिवस,” ते म्हणाले. “उद्याचा एक. त्यानंतर मी परसात कुदळ घालणार.”

ते गेल्यावर श्वेताला रडू आलं. भीतीनं नव्हे. ‘माहीत नाही’ हे शब्द एवढ्या ताठ मानेनं उभे राहू शकतात, हे तिनं आजवर पाहिलं नव्हतं.

“मॅडम, उद्या मला वर जायचंय.”

“ठाऊक आहे,” मॅडम म्हणाल्या. “माझे बूट घाल. तुझ्या चपला टिकायच्या नाहीत.”

६

सकाळी दहाच्या सुमाराला तिघी ओहोळाशी पोचल्या. पाऊस उघडला होता, पण ढग डोंगरावर बसून होता आणि पन्नास पावलांपलीकडे सगळं दुधात बुडाल्यासारखं. पुढे लहानी, मागे श्वेता, तिच्यामागे मॅडम, साडी खोचून, पायांत श्वेताच्या चपला. सतीश आणि वाडीची माणसं खालच्या टेपाडावर थांबली होती. त्यांच्यात लखमाही होता, हाताला दोर बांधलेला. तो वर पाहत नव्हता.

“हिथं,” लहानी म्हणाली.

कारवी डोक्याहून उंच वाढली होती. मधे एक दगडांची रास, शेवाळलेली, फार लहान. त्यापलीकडे कातळाखाली अंधार. शोधणारी माणसं इथून कितीदा तरी गेली होती. त्यांच्या बुटांचे ठसे अजून होते.

श्वेताला वाटलं, अठरा दिवस. पावसात. काय खाल्लं असेल, कुठं झोपली असेल? डोकं म्हणत होतं, शक्य नाही. आणि डोकं असंही म्हणत होतं, तसं दिसत नाही म्हणजे तसं नाही, हे तुला कुणी सांगितलं?

“मार गो बाय,” लहानी कुजबुजली आणि दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड झाकून घेतलं, चुकूनही नाव निघू नये म्हणून.

 समजा कुणीच ओ दिला नाही, तर उद्या कुदळ. आणि दिला तर? नाव तिला ठाऊक होतं फक्त एकीचं. ज्याला नावच मिळालं नाही, त्यानं कुठल्या हाकेला ओ द्यायचा असतो?

मागून मॅडमचा हात तिच्या पाठीवर टेकला. स्थिर, कोरडा, नळी धरतानाचा.

“रुपाऽऽऽ!”

हाक ढगात गेली आणि परत आली नाही. ओहोळाचं पाणी वाजत होतं. मग तेही वाजायचं थांबल्यासारखं झालं. कुणीतरी श्वास धरून ठेवला होता, आणि तो श्वेताचा नव्हता.

कातळाखालून, दगडांच्या राशीपलीकडून, ओ आला.

बारीक, घोगरा, बरेच दिवस न वापरलेला. त्यात लहानीचा चढ होता, लखम्याची खरखर होती. ओ एकच होता, एका दमात दिलेला. फक्त एका पोरीच्या मानानं जरासा उंच.

श्वेताच्या पाठीवरचा हात दचकला.

“किती जण?” मॅडमनी विचारलं.